फाटकाजवळची कुंती

पुण्याच्या कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच अण्णा मला पुढं शिकायला पाठवणार होते, नाहीतर घरीच. पत्र कधी येईल कुणालाच ठाऊक नव्हतं.

धारवाडच्या आमच्या घराच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना कुंतीची झुडपं होती, माझ्याहून उंच, बारा महिने हिरवी. डाव्या झुडपाआडून वळणावरचा पोस्टमन दिसे. त्याला मी दिसत नसे. पण नुसती उभी राहिले की आई विचारी, "कुणाची वाट बघतेस गं?" म्हणून मी हातात कात्री घेतली.

आमच्या इंग्रजी शाळेत झुडपं चेंडूसारखी गोल कापलेली असत. तसंच करायला गेले. डावीकडे जरा जास्त गेलं, म्हणून उजवं कापलं. मग तेच बुटकं दिसू लागलं. पोस्टमन न थांबता पुढं गेला की कात्री जास्तच जोरात चाले. चौथ्या दिवशी दोन्ही झुडपं कमरेखाली आली आणि आतल्या तपकिरी काटक्या दिसू लागल्या.

आठवड्यानं येणारा म्हातारा माळी फाटकातच थबकला. "अक्का, साकु! लोणी वाटणारं माकड तुम्हीच काय?"

"अण्णांना गोल हवीत," मी खोटंच सांगितलं.

"गोल? टक्कल केलंत की!" त्यानं कात्री काढून घेतली आणि पाण्याची बादली पुढं सरकवली. "आता साकु."

साकु म्हणजे पुरे, हे मला माहीत होतं. पण कन्नडमध्ये लेकरू वाढवण्यालाही साकु म्हणतात, हे बादलीकडे बघताना लक्षात आलं. रोज पाणी घालू लागले. कात्री नसल्यानं हातांना मात्र चैन पडेना.

मग एका सकाळी पोस्टमननं मला वळणावरूनच पाहिलं. "अक्का, तुमच्याच नावाचं आहे!" गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला. मी मागं सरले, पण आड व्हायला काही उरलंच नव्हतं. व्हरांड्यात अण्णा, खिडकीत आई. आजवर घरातलं प्रत्येक पाकीट अण्णाच फोडत. हे मी उभ्या उभ्या फोडलं.

"काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं.

"जागा आहे."

"ऐकू येत नाही."

"जागा आहे, अण्णा!"

माझा हात सवयीनं पानांकडे गेला, आणि काटकी टोचली.