लोहाराकडे ठेवलेली तलवार

मुफलिहच्या बैठकीत येणाऱ्याला कॉफीच्या आधी तलवार बघावी लागे. ती म्हाताऱ्याच्या बरोब्बर डोक्यावर, भिंतीला टांगलेली. "आमचे खापरपणजोबा शबीब! असा घोडेस्वार करकच्या पठारावर पुन्हा झाला नाही." वय शहाऐंशी, कान मंदावलेले, पण एवढं सांगताना आवाज खणखणीत. वर घराण्याचा नियम ऐकवायचा: ही तलवार विकायची नाही आणि कमरेला लावायचीही नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मान राखायला असेल, असं त्यानं आपलं ठरवून टाकलं होतं.

मुलीच्या, मैसूनच्या, ही तलवार डोक्यात जायची. बत्तीस वर्षांपूर्वी मादबा गावचा यह्या तिला मागणी घालायला आला होता. शिकलेला, सरळ, पण लोहाराच्या घरातला. त्याच्या काकांनी रिवाजाप्रमाणे कॉफीचा पेला समोर ठेवला. मागणी घेऊन आलेल्यानं तो होकार मिळेपर्यंत प्यायचा नाही. मुफलिहनं तलवारीकडे बोट केलं. "या घरची पोर ऐरणीच्या घरात जायची नाही." कॉफी तशीच गार झाली. यह्यानं पुढं लग्न केलं, आता नातवंडंही झाली. मैसूननं केलं नाही. शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाली, बापाचं दुखणंखुपणं काढत राहिली.

यंदा कुळाचा वंशवृक्ष छापायचा ठरला. मैसूनचा लांबचा चुलतभाऊ नव्वाफ त्याचा चिटणीस. तो म्हणाला, "शबीबचा बाप कोण ते आण, ताई. नाहीतर तुमची फांदी कशाला चिकटवू? हवेला?" म्हाताऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मरायच्या आधी मला माझं पान त्या झाडावर बघायचंय," त्यानं मुलीला बजावलं.

मैसून कामाला लागली. थडगी पाहिली, म्हातारी माणसं गाठली. शबीब नावाचा घोडेस्वार कुणाच्या ऐकण्यात नव्हता. जुन्या विळ्यांवर, नांगरांच्या फाळांवर मात्र जिथं तिथं एकच खूण दिसे, चंद्रकोर आणि तीन टिंबं. "जुन्या लोहाराची," लोक सांगत. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिला घोडेस्वार हवा होता ना!

शेवटी वाटलं, मुठीखाली काही कोरलेलं असेल. जुनी मूठ न मोडता काढणारा आसपास एकच, यह्या. काय करता, अडला हरी! ती तलवार कापडात गुंडाळून त्याच्या दुकानात गेली.

यह्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "अरे वा. शेवटी तलवारच आली म्हणायची माझ्या दारी."

"टोमणे पुरे. मूठ काढ."

त्यानं काढली. पात्यावर नाव होतं, दुगैम. आणि मुठीच्या खिळ्यावर चंद्रकोर, तीन टिंबं. यह्या बराच वेळ पात्यावरून अंगठा फिरवत राहिला. "पातं मोडलं होतं. सांधलंय असं की बोटाला लागत नाही. धार मात्र निम्मीच लावलीय. दुरुस्तीला आलेला माल आहे हा, मैसून. काम अर्ध्यावर राहिलं."

विचारत गेल्यावर कळलं, दुगैमचे वंशज दरीपलीकडच्या गावात आहेत. तिथली नव्वदीची हम्दा तिला बोलूच देईना. "आमची तलवार? ती शबीब लोहाराकडे आहे की!" जशी काही कालच टाकलीय. "लुटालुटीचे दिवस होते, पोरी. टोळ्या सगळं न्यायच्या, पण लोहाराच्या तंबूला कुणी हात लावत नसे. त्याच्यावाचून सगळ्यांचंच अडायचं. दुगैम दुसऱ्याची तलवार घेऊन लढायला गेला आणि मेला. त्याच उन्हाळ्यात शबीब पटकीनं गेला. त्याची बायको तान्हं पोर घेऊन तुमच्या गावात आसऱ्याला गेली म्हणतात. आमची आजी सांगायची, हरवली म्हणाल तर जीभ हासडीन, लोहाराकडे आहे म्हणा."

"मग कुणी मागायला का नाही आलं?"

"लोहाराकडे मागायचं नसतं. काम झालं की तो आणून देतो."

मैसूननं घरी येऊन सगळं सांगितलं. म्हातारा कडाडला, "लोहार? माझ्या खापरपणज्याला लोहार म्हणतेस?"

"मी नाही म्हणत. खिळा म्हणतोय."

दोन दिवस तो जेवला नाही. तिला कीव यायला हवी होती, पण आला तो संताप. आख्खं आयुष्य एका अर्धवट दुरुस्तीपायी गेलं की हो! तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं तलवार मांडीवर घेतली. "गाडी काढ."

"दुगैमच्या घरी?"

"अर्धवट काम नेऊन देऊ? घराची लाज काढतेस का? आणि नव्वाफला कळव. पानावर लिही म्हणावं, शबीब, लोहार. बाप ठाऊक नाही. छापायचं तर छाप."

मादब्याला यह्यानं त्याला खुर्ची दिली, कॉफी ओतली. मुफलिहनं पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. यह्या बघतच राहिला.

"दोन मागण्या आहेत," म्हातारा म्हणाला. "आमच्या घरचं एक काम अर्धं राहिलंय. माझ्या हातात ती कला नाही. तू पुरं कर."

"केलं समजा. प्या आता."

"थांब. दुसरी म्हणजे, त्या दिवशी तुझ्या काकांची कॉफी मी गार होऊ दिली. मला माफ कर."

यह्यानं मान हलवली. "माझं सगळं नीट झालं. ही मागणी माझ्याकडे नाही. तिच्याकडे करा."

मुफलिह खुर्चीतच मुलीकडे वळला. पेला त्यानं तिच्यापुढं सरकवला. मैसून पेल्याकडे बघत उभी राहिली. वाफ विरत गेली. होऊ दे गार, तिला वाटलं, त्यालाही कळू दे.

मग तिनं पेला उचलून त्याच्या हातात दिला.

"प्या बाबा," ती म्हणाली. "अजून थोडी कोमट आहे."