एका तिकिटात दोघं

माझे बाबा कंजूष नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुमचा तसा समज होईल. दारात आलेल्याला ते जेवल्याशिवाय सोडत नाहीत, देवळाच्या वर्गणीत कधी हात आखडत नाहीत. त्यांचं वाकडं आहे ते फक्त प्रवासखर्चाशी. त्यांचं म्हणणं असं, की शेतात घातलेला पैसा भात होऊन दिसतो, घरात घातलेला कौलं होऊन दिसतो, आणि तिकिटात घातलेला पैसा गाडीतून उतरलं की संपला. मागे उरतं काय, तर कागदाचा कपटा. तोही ते जपून ठेवतात, कान कोरायला.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, कुडपणकडच्या डोंगरात. सकाळी एक एसटी खाली उतरते आणि संध्याकाळी तीच वर येते. लहानपणी या एसटीतून बाबांबरोबर जाणं म्हणजे परीक्षाच असायची. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं. टप्प्याच्या पुढे चार पावलं जरी गेलात, तरी पुढच्या अख्ख्या टप्प्याचे पैसे पडतात. ही चार पावलं बाबांना कधी पचली नाहीत. त्यामुळे आम्ही कुठेही निघालो तरी एक थांबा आधी उतरायचो आणि उरलेली वाट तुडवायचो.

माझी मावशी पाचाडला दिलेली. तिच्याकडे जाताना एकदा भर उन्हात आम्ही असेच आधी उतरलो. वाटेत एका खाणावळीसमोर आंब्याच्या सावलीत बसून आईने बांधून आणलेली भाकरी सोडली. समोरच्या कढईत वडे तळत होते. मी त्या वड्यांकडे टक लावून बघतेय हे बाबांना दिसलं.

"वासाला पैसे पडत नाय," ते म्हणाले. "घे पोटभर."

पुढे पाचाडच्या वेशीवर आईच्या चपलेचा अंगठा तुटला. चांभाराने अंगठ्याचे जे पैसे घेतले त्यात आम्ही सगळे मावशीच्या दारापर्यंत एसटीने बसून गेलो असतो. आईने हे बोलून दाखवलं, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "चप्पल तुटायलाच आली व्हती. तिचा नि एसटीचा काय संबंध?"

माणूस पक्का होता, पण लबाड नव्हता. फुकट जायचं नाही, वय चोरायचं नाही, कंडक्टरला फसवायचं नाही. नियमात बसेल तेवढं मात्र शेवटच्या आण्यापर्यंत वाचवायचं.

यातून आईचा प्रवास जवळपास बंदच होता. एकाचं काम असेल तर दोघांनी कशाला जायचं, हा बाबांचा बिनतोड सवाल. बियाणं, म्हशीचं औषध, मोटारीचा पार्ट, बँक, सगळ्याला तेच एकटे महाडला जायचे. पोलादपूर जवळ असलं तरी महाडच्या बाजारात भाव पाडून मिळतो आणि त्यातून भाडं सुटतं, असा त्यांचा हिशोब. आईचं महाड म्हणजे लग्नं आणि दवाखाना.

मी लग्न होऊन महाडला आले. नवरा औद्योगिक वसाहतीत कामाला, पाळ्या बदलत्या. त्याची रात्रपाळी असली की दिवसा घरात भांडंसुद्धा वाजवायची सोय नाही. आईचं घर म्हटलं तर एसटीने दोनेक तासांवर, पण ती माझ्याकडे बाळंतपणाला आली तेवढीच. कारण पैशांच्या वर आणखी एक गोष्ट होती. काम असल्याशिवाय लेकीच्या दारात जायचं नाही, हा आमच्या डोंगरातला जुना रिवाज, आणि बाबा रिवाजाचे एसटीच्या टप्प्याइतकेच पक्के. नुसती आठवण आली हे काम धरत नाहीत. मी फोनवर "ये ना गं" म्हणायचे. ती "काय काम निघालं की येते हां" म्हणायची. काम निघायचं आणि बाबा यायचे.

मग बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं.

ही बातमी बाबांनी टपरीवर ऐकली. आई सांगते, की घरी येऊन ते ओटीवर बसले आणि बोटांवर हिशोब करायला लागले. मग म्हणाले, "म्हंजे माझ्याऐवजी तू गेलीस तर अर्ध्यात काम व्हतंय."

"मला कुठं बाजारातलं कळतं?" आई म्हणाली. तिला सगळं कळत होतं.

दुसऱ्याच आठवड्यात बाबांनी तिला लढाईवर पाठवावं तसं पाठवलं. कुठल्या खिडकीशी बसायचं, सुटे कुठे ठेवायचे, कुठल्या दुकानात आधी विचारायचं आणि कुठल्या दुकानात घ्यायचं. आई मान हलवत राहिली. महाडला उतरली, अर्ध्या तासात सगळी कामं उरकली आणि उन्हं चढायच्या आत माझ्या दारात उभी राहिली.

"कामाला आले व्हते," ती म्हणाली. "म्हटलं, डोकावून जाऊ."

त्यानंतर ती दर आठवड्या-पंधरवड्याला डोकावायला लागली. पिशवीत नाचणीचं पीठ, सुरण, कधी पानात बांधलेली करवंदं. नवरा रात्रपाळीचा झोपलेला असला की आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून कुजबुजायचो आणि हसू आवरत नसे तेव्हा तोंडात पदर कोंबायचो. जेवण झालं की ती पंख्याखाली आडवी व्हायची आणि सांगत सुटायची. लग्नाआधी तिला शिवणकाम शिकायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. सासरी आल्यावर पहिलं वर्षभर ती विहिरीवर जाऊन रडायची, हेही तेव्हाच. एका घरात वीस वर्षं राहून आम्हाला एकमेकींशी बोलायला सवड झाली नव्हती, ती आता एसटीच्या कृपेने होत होती. मी त्या दुपारांची वाट बघायचे, इतकी की आदल्या दिवसापासून भाजी काय करायची हे ठरवायचे.

संध्याकाळी घरी गेली की बाबा विचारायचे, "एवढा येळ कुठं लागला?"

"बँकेत रांग व्हती," आई सांगायची.

ती रांग म्हणजे मी.

हे असं छान दोनेक वर्षं चाललं. मग एके दिवशी सकाळीच आईचा फोन आला. आवाज पार पडलेला.

"तुझ्या बापाचं वय झालं गो."

माझ्या हातातली पळी खाली पडली. "काय झालं बाबांना?"

"पासष्ट."

पासष्ट झालं की एसटीत पुरुषांनाही अर्धं तिकीट. खरं तर बाबा पासष्टीचे केव्हाच झाले होते, पण शाळेतल्या मास्तरांनी त्यांचा जन्म अंदाजाने दोनेक वर्षं पुढे ढकलून एक जूनला लावला होता. त्या मास्तरांनी आपली दोन वर्षांची अर्धी तिकिटं बुडवली म्हणून बाबा त्यांच्यावर अजून खार खाऊन होते. आता कागदावरही वय भरलं. ते नवा सदरा घालून ओळखपत्र खिशात टाकून निघाले आणि आईला मायेने म्हणाले, "आता तुला कशाला दगदग? मी जातो."

अर्धं ते अर्धंच. तिच्याकडे तिकिटाचा मुद्दा उरला नव्हता, आणि मुद्दा नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे लेकीचं घर नाही.

त्या दिवशी बाबा माझ्याकडे आले. दारातच पिशवी दिली, उभ्यानेच पाणी प्यायले. "बसा ना," म्हटलं तर "गाडी चुकंल," म्हणाले आणि गेले. पुढच्या खेपेलाही तेच. मला बाबांचा भारी राग आला आणि आईची इतकी आठवण आली, की त्या दुपारी मी पंख्याखाली एकटीच पडून रडले. नवरा जागा होऊन "काय झालं?" म्हणाला. "बाबा पासष्ट वर्षांचे झाले," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि कूस बदलली.

आई मात्र रडणाऱ्यातली नव्हती. तिने बाबांना पुढच्या खेपेला एक छोटंसं काम जास्तीचं सांगितलं. ब्लाउजला अस्तर आणायचं, आमसुली रंगाचं. बाबांनी आणलं ते वांगी रंगाचं. आईने ते उजेडात धरलं, साडीला लावून बघितलं आणि अगदी गरीब आवाजात म्हणाली, "नाय हो जुळत." बाबा पुन्हा महाडला. या वेळी आलं ते जांभळं. मग बाबांनी अख्खी साडीच पिशवीत घातली आणि दुकानात नेली. तिथे दुकानदाराने विचारलं, सुती देऊ का सॅटिनचं? बाबांनी दुकानातूनच मला फोन लावला.

"अस्तर कशाचं असतंय गो?"

"आईला विचारा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आई फोन उचलत नव्हती, हे मला माहीत होतं.

एका वीतभर कापडापायी तीन खेपा झाल्या, म्हणजे दीड पूर्ण तिकीट गेलं. शिवाय स्टँडवर बसून बसून बाबांना चहाची सवय लागली होती. आईने कधी वाटेत चहा प्यायला नव्हता.

पुढच्या आठवड्यात दाराची कडी वाजली. बाबा उभे होते, आणि त्यांच्या मागे, पदराने घाम पुसत, आई. मी बाबांना ओलांडून आधी तिचाच हात धरला.

या खेपेला बाबा आत आले. चपला काढून पंख्याखाली बसले. मी चहा टाकला, आई माझ्या शेजारी ओट्याशी येऊन उभी राहिली. बाबा घसा खाकरून म्हणाले, "मी हिशोब केला. पयले मी एकटा यायचो, तवा एक पूर्ण तिकीट पडायचं. आता दोघांची दोन अर्धी, म्हंजे तेवढंच. एका तिकिटात दोघं. तुझ्या आयचा प्रवास फुकटात पडला. फुकटातलं सोडायचं कशाला?"

हिशोब ऐकायला गोड होता, पण चुकलेला होता. ज्यांनी चार पावलांसाठी आम्हाला उन्हात चालवलं, त्यांच्या बेरजेत मी जन्मात कधी चूक बघितली नव्हती. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पण बाबा, आता तुम्ही एकटे आलात तर अर्ध्यातच..."

आईने मला असा चिमटा काढला, की दंडावर वळ उठला.

बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. चहा संपवून बशी खाली ठेवली.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पंखा वाढव जरा. संध्याकाळच्या गाडीला येळ हाय."