रडगाणी

निघायच्या सकाळी बाबांनी माझ्या बॅगेत पुस्तकांच्या मध्ये तीन कॅसेट ठेवल्या. "कस्टमवाल्याने विचारलं तर सांग, रडगाणी आहेत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. बाबा गोदीत कारकून होते. बोटींवरच्या खलाशांकडून त्यांनी ब्लूजच्या जुन्या तबकड्या मिळवल्या होत्या, आणि आईने ठेवलेलं हे नाव घरात रुळलं होतं.

"रडत नाही तो गाणारा, सांगतोय," बाबा मला म्हणाले. "एकदा सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून तीच ओळ दोनदा म्हणतो."

आखातात, मनखूलच्या फ्लॅटमध्ये, ऑफिसातून आल्यावर मी त्या कॅसेट लावायचे. कापसाच्या शेतांत राबणाऱ्या, गुलामांच्या नातवंडांची ती गाणी. शंभरेक वर्षांपूर्वी रेकॉर्ड कंपन्यांची माणसं ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेत जायची, गायकाला एखाद्या हॉटेलच्या खोलीत बसवायची. तीन मिनिटांत गाणं आटपावं लागे, कारण तबकडीच तेवढी. पुढे तबकड्यांचे कित्येक मूळ धातूचे साचे मोडीत गेले. काही गायकांची सारी हयात आज एखाद्या झिजलेल्या तबकडीवर उरली आहे. हे मी फार नंतर वाचलं, अल ऐनला विद्यापीठाच्या लायब्ररीत नोकरी लागल्यावर.

बाबांनी ग्रामोफोनसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्या कॅसेट भरल्या होत्या. त्यामुळे गाण्यांत आमचं घर शिरलं होतं. मध्येच कुकरची शिट्टी, बाबांचा खोकला, ओळीबरोबर त्यांचं गुणगुणणं, आणि आईचं "झालं का तुमचं? पानं घेतलीत." मला तेव्हा वैताग यायचा. फोनवर बाबाही सगळं दोनदा विचारत. "कधी येतेस? अगं, कधी येतेस?" मी "इन्शाल्ला" म्हणून हसायचे.

अल ऐनला शिफ्ट होण्याआधी माझ्या मुलीने, सईने, वाढदिवसाची भेट म्हणून ती गाणी कंप्युटरवर घेतली आणि साफ करून दिली. मी तिचं कौतुक केलं आणि सामान बांधताना कॅसेट स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकल्या. खलास.

या मार्चमध्ये बाबा गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर त्यांचा आवाज ऐकावा म्हणून फाइल्स लावल्या. कॅमेऱ्यापुढे बाबा कधी बोललेच नाहीत, तेव्हा आवाज होता तो तिथेच. गायक स्वच्छ गात होता. मागे काहीच नव्हतं.

"आजोबांचा खोकला कुठे गेला गं?"

"इट वॉज जस्ट नॉइज, ममा," सई म्हणाली. साफ न केलेल्या फाइल्स तिने ठेवल्या नव्हत्या. तिची चूक नाही. मीही त्याला खरखरच म्हणत होते.

दुसरी एखादी टेप असेल म्हणून आईला फोन केला. "छे गं, तबकड्या तर केव्हाच भंगारात दिल्या," ती म्हणाली. "त्यांचा आवाज तुझ्याकडे आहे, म्हणून तर मी निर्धास्त आहे. जूनमध्ये येताना घेऊन ये. एकदा ऐकव."

मी हो म्हणाले.

मागे राहिलेल्यांना वाटतं, आम्ही घर सोबत नेलं. आम्हाला वाटतं, ते त्यांनी सांभाळलंय. जूनचं तिकीट काढलं आहे. माझ्यासाठी घर म्हणजे आता ते दार, जे आई उघडेल आणि आधी माझ्या हातांकडे बघेल.