वर्क डिस्कवर ठेवलेली फाइल

ती फाइल वर्क डिस्कवर मी ठेवली होती. नरेशने नाही. एवढं साधं वाक्य बोलायला मी फार उशीर केला.

रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत मी मेनफ्रेमच्या, म्हणजे सगळ्या कंपनीच्या एका मोठ्या कॉम्प्युटरच्या, डिस्क सांभाळायचो. कुठला डेटा कुठल्या डिस्कवर राहील, हे मी ठरवायचो. मी पेणचा. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात बुकिंग झालेल्या मूर्तींची फळी वेगळी आणि तडा गेलेल्या, पुन्हा भिजवायच्या मूर्तींची वेगळी. चुकून या दुसऱ्या फळीवर गेलेली चांगली मूर्तीही भिजत पडते. डिस्कचंही तसंच. मेन डिस्कचा रोज टेपवर बॅकअप व्हायचा. वर्क डिस्क ही तात्पुरती जागा. तिचा बॅकअप नाही, आणि दर शनिवारी ती साफ व्हायची.

त्या आठवड्यात मेन डिस्क भरली. लॅबची फाइल, ज्यात प्रत्येक बॅचच्या टेस्टचे निकाल असायचे, ती मी वर्क डिस्कवर हलवली. उद्या परत आणू म्हटलं, आणि विसरलो.

साफ करण्याआधी ऑपरेटरने मला तोंडी विचारायचं, अशी पद्धत होती. त्या शनिवारी ऑपरेटर नरेश होता, रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा, अजून कॉन्ट्रॅक्टवर.

"दादा, वर्क साफ करू ना? काय ठेवलंय का?"

मला पेणची एसटी गाठायची होती. "नाय रे, कर."

सोमवारी लॅबची फाइल सापडेना. हलवण्याआधीचा बॅकअप होता, नंतरचे निकाल गेले होते. निकालाशिवाय माल गेटबाहेर जात नाही. मॅनेजर कर्णिकसाहेबांनी नरेशला बोलावलं.

"न विचारता साफ केलीस?"

"दादांना विचारलं व्हतं, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "आठवत नाही."

"मग पर्मनंटचं विसर," साहेब नरेशला म्हणाले. फाइल कोणी हलवली, ही नोंद मशीनमध्ये होती. पण ती तपासणं माझंच काम होतं.

आधी निकाल परत आणायचे, असं मी ठरवलं. लॅबमध्ये प्रत्येक बॅचचं सॅम्पल बाटलीत राखून ठेवतात. लॅबच्या चेऊलकरबाईंना मी पुन्हा टेस्ट करायला विनवलं.

"डिस्क तुमची, बाटल्या आम्ही धुवायच्या," त्या म्हणाल्या, पण कामाला लागल्या. त्या निकाल सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. जुन्या बॅकअपची टेप नरेशने लावली, मी न सांगता.

"साहेबांशी भांडला का नाहीस?" मी विचारलं.

"भांडून काय? तुमी सांगाल म्हणून थांबलोय."

शेवटची बॅच भरून झाली तसा मी नोंदीचा प्रिंटआउट घेऊन वर गेलो. "साहेब, फाइल मी हलवली. साफ कर, असंही मीच म्हणालो होतो."

"आता आठवलं?"

"तेव्हाही आठवत होतं."

माझं प्रमोशन थांबलं. नरेश पर्मनंट झाला. कायम ठेवायची फाइल वर्क डिस्कवर टाकायला गेलं की मशीनच नकार देईल, असा नियम मी बसवला. तो सर्वांत आधी माझ्यासाठी होता. विसरणाऱ्या माणसाला मशीन अडवू शकतं. खोटं बोलणाऱ्याला नाही.

पुढच्या शनिवारी मशीन रूममध्ये सगळे असताना नरेशने नेहमीसारखं विचारलं, "दादा, वर्क साफ करू ना?"

मी आधी डिस्क बघितली. मग उठून उभा राहिलो.

"कर. आणि नरेश, त्या दिवशीही तू विचारलं होतंस. मी खोटं बोललो. मला माफ कर."