माहेरचं विरजण

झाकण काढून भांडं जरा कलतं केलं, तर दही जागचं हललं नाही. छान लागलं होतं. खाणारं मात्र घरात कुणी नाही. मला दही सोसत नाही आणि सुमनला, माझ्या बायकोला, रक्ताचा कॅन्सर झाल्यापासून घरचं दही बंद आहे. तरी तिच्या माहेरचं विरजण संपू नये म्हणून मी रोज चमचाभर दही नव्या दुधात कालवतो.

परवा पेपरात वाचलं, की पोटातले जिवाणू आणि हळदीसारख्या वनस्पतींमधली द्रव्यं केमोला हात देऊ शकतील. डॉक्टरांना विचारलं. "काका, हे अजून उंदरांवर चाललंय," ते हळूच म्हणाले. शोध लागेलही, तो दुसऱ्या कुणाला लागू पडेल. सुमनच्या पोटातले जिवाणू तर औषधांनी कधीच मेले असतील, आणि इथे भांड्यात त्यांचे भाऊबंद मजेत आहेत.

हॉस्पिटलात गेल्यावर तिने विचारलं, "दही लागलं का हो?"

"छान लागलं."

ती मग म्हणाली, "शेजारच्या वहिनींकडे थोडं विरजण देऊन ठेवा. पुढे तुमच्या लक्षात राहायचं नाही."