बाईंनी न वटवलेला चेक

चष्मेकाकांनी आयुष्यात कोणाकडे सही मागितली नाही. सह्यांनी दोन जाडजूड आल्बम भरलेल्या माणसाबद्दल असं सांगितलं की ऐकणाऱ्याला ती थाप वाटते. पण वही पुढे करून गर्दीत घुसणं त्यांना कमीपणाचं वाटे. विकत घेतलेल्या सहीतही त्यांना राम दिसत नसे. त्यांनी स्वतःची वेगळीच वाट काढली होती. ते चेक पाठवत.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचांच्या कडा घासण्याचं त्यांचं काम. दिवसभर यंत्राची घरघर, पाण्याची बारीक धार आणि बोटांवर पांढरी पूड. संध्याकाळी घरी आले की हात धुवायचे आणि एखाद्या नामांकित माणसाला पत्र लिहायला बसायचं. पत्रासोबत त्याच्या नावाचा चेक, रक्कम एका कप चहाची. पैसे कशाबद्दल, तेही पत्रात लिहिलेलं असे. एका गोलरक्षकाला, पावसात अडवलेल्या एका चेंडूबद्दल. रेडिओवरच्या निवेदिकेला, वाईट बातमी आवाज न चढवता सांगितल्याबद्दल. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला, रोज त्यावरून जाताना पोटात गोळा येत नाही याबद्दल. नियम एकच होता. त्या माणसाकडून आपल्याला खरोखर काही मिळालं असेल तरच चेक फाडायचा.

तो माणूस बँकेत जाऊन चेकच्या पाठीवर सही करून पैसे घेई, आणि वटलेला चेक महिन्याच्या हिशेबासोबत काकांकडे परत येई. त्यांच्या बँकेची ती जुनी पद्धतच होती. काही जण पत्रही लिहीत. एका विनोदी नटाने कळवलं होतं, "चहा गार होता. पुढच्या वेळी गरम पाठवा." एका मंत्र्याच्या सचिवाने सही-शिक्क्यानिशी विचारलं होतं की ही देणगी नेमकी कोणत्या निधीत जमा करायची. काकांनी चेक आणि पत्र शेजारी शेजारी लावली होती, सगळी पारदर्शक खिशांत. गोंदाचा थेंबही नाही.

"आपल्या खात्यावर सगळं जग चहा पितंय," काकू म्हणत. त्या घरी शिवणकाम करत आणि बोलताना दातात टाचण्या धरलेल्या असत. "मी इतकी वर्षं तुमचे शर्ट शिवते. मला एक चेक नाही कधी."

"तुझी सही माझ्याकडे आहे. लग्नाच्या कागदावर."

"तीही फुकटात मिळाली तुम्हाला."

दुसऱ्या आल्बममध्ये एक खिसा रिकामा होता. त्याखाली बारीक अक्षरात फक्त 'बाई' असं लिहिलेलं.

बाई म्हणजे बुद्धिबळातल्या बाई. काका पंचविशीत असताना त्या गावात आल्या होत्या. शाळेच्या सभागृहात टेबलं गोल मांडली होती. बाई मधल्या मोकळ्या जागेत फिरत एकाच वेळी सगळ्यांशी खेळत होत्या. एक एक करून सगळे हरले आणि खुर्च्या सरकवून उठून गेले. काका तेवढे टिकून राहिले. मग बाई त्यांच्या टेबलापाशी थांबल्या, जरा वेळ पटाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "बरोबरी?" काकांनी तो हात दोन्ही हातांत धरला. एवढी मोठी बाई, जिंकत असताना एका काच घासणाऱ्या पोराला बरोबरी देऊन गेली! त्या दिवसावर काका पुढे कित्येक वर्षं जगले. दुकानात नवीन माणूस लागला की आठवड्याच्या आत त्याला ही गोष्ट पाठ होई.

बाईंना लिहिलेलं पत्र सगळ्यात लांब होतं. त्यात अख्खा डाव उतरवला होता आणि शेवटी, 'तुमच्या मोठ्या मनाबद्दल'. तो चेक वटलाच नाही. महिने गेले, चेकची मुदत उलटली, वर्षं गेली. आठवण करून देणं काकांच्या नियमात नव्हतं. दुसरं पत्र म्हणजे मागणंच झालं. पण बाईंना राग आला असावा, चहाच्या पैशांत त्यांना आपला अपमान वाटला असावा, ही रुखरुख काही जाईना. पुढे बँकेनेही वटलेले चेक परत देणं बंद केलं आणि संग्रह तिथेच थांबला.

आता वाचनालयाने काकांचे आल्बम काचेच्या कपाटात मांडायचं ठरवलं होतं. गावाने प्रथमच दखल घेतली होती. महिनाअखेरीला मांडामांड होती, आणि काकांचं चित्त त्या रिकाम्या खिशात अडकलं होतं.

जुन्या सह्यांचा एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "काका, बाईंच्या सह्या माझ्याकडे ढिगाने आहेत. चेक आहेत, पत्रं आहेत. हवी ती उचला."

"त्या सह्या दुसऱ्यांना दिलेल्या."

"सहीला कुठे कळतंय कोणाला दिली ते?"

"मला कळतंय ना."

काकूंनी घरी हे ऐकलं आणि टाचण्या तोंडातून काढल्या. त्या टाचण्या काढत तेव्हा बोलणं गंभीर असे.

"अहो, बाई ऐंशीच्या पुढे आहेत. तुमचा नियम आणि त्यांचं वय, यात आधी काय संपेल सांगा बघू."

"जाऊन काय म्हणू? सही द्या?"

"सही नका मागू. रागावलात का, एवढं विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत."

काका बसने दुसऱ्या गावी गेले. बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांनी स्वतःच उघडलं. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती. काकांचं लक्ष आधी तिकडेच गेलं.

नाव सांगितलं तरी बाईंना ओळख पटेना. "चहाचा चेक," काका म्हणाले, तशा बाई मागे सरकल्या आणि आत या म्हणाल्या.

काकांनी बसल्या बसल्या विचारून टाकलं. "तुम्ही रागावला होतात का?"

"रागावले होते. पण तुमच्यावर नाही." बाईंनी कपाटातून पत्र काढलं, चेक अजून त्याच घडीत होता. त्यांनी पट मांडला आणि पत्र न बघताच सोंगट्या एकेक ठेवल्या. शेवटची स्थिती उभी राहिली. "तुमची चाल होती. काय खेळला असतात?"

काका वाकले. "हा घोडा पुढे घेतला असता."

"सगळे पुढेच बघतात. मागे घ्या."

काकांनी घोडा मागे घेतला. मग त्यांना दिसलं. बाईंचा हत्ती अडकला होता, त्याला कुठेच जागा नव्हती.

"म्हणजे मी जिंकत होतो?"

"छान जिंकत होतात. तुमची नजर इकडे वळायच्या आत मी हात पुढे केला. आणि तुम्ही मला मोठ्या मनाचे पैसे पाठवलेत! कोणत्या तोंडाने बँकेत जाणार होते मी?"

दुकानातल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगितलेली गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. जिंकलेला डाव आपण दोन्ही हातांनी देऊन आलो, आणि वर आभार मानत बसलो. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

बाई म्हणाल्या, "माझा एक फोटो देते. सही करून. पुस्तकही देते."

"नको," काका म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा चढला. मग खाली आला. "तो चेक तुम्ही कशाबद्दल घेतला असतात, ते सांगा."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला, दांडी सांभाळत. "तो डाव शेवटपर्यंत खेळून दाखवला असता मी, तर घेतला असता." मग पटाकडे पाहिलं. "हत्ती घ्या. इथून पुढे खेळू."

काकांनी हत्ती घेतला. मांडी घातली, उठून खुर्ची जवळ ओढली, पुन्हा बसले. त्यांच्या बाजूला एक अख्खा हत्ती जास्त होता, आणि समोर ऐंशी ओलांडलेली, मोडक्या चष्म्याची म्हातारी होती. ते सावकाश, जपून खेळले. बाईंच्या एका प्याद्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं, कारण ते अगदीच कडेचं होतं. ते प्यादं एकेक घर पुढे येत राहिलं. ते थांबवायला काकांचा हत्ती धावला, मग घोडा धावला, आणि दोघं तिकडे असताना राजा एकटा पडला. चहा आला, निवला, त्यावर साय धरली.

"मात," बाई म्हणाल्या. त्यांच्या गालांवर रंग चढला होता. "आता ठीक आहे. आता हे पैसे कष्टाचे."

त्यांनी चेक उलटा केला आणि पाठीवर सही केली. शेवटची रेघ पूर्ण ओढली आणि चेक काकांच्या हातात दिला.

काकांनी खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. दांडीचा दोरा सोडून चष्म्यात नवा स्क्रू बसवला. बाईंनी पैसे विचारले. "चेक पाठवा," काका म्हणाले, आणि दोघंही हसले.

घरी काकूंनी दार उघडलं. नवऱ्याचा चेहरा असा उजळलेला त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"काय झालं हो? जिंकून आल्यासारखे दिसताय."

"हरलो," काका चपला काढत म्हणाले. "जिंकलेला डाव हरलो. ये, दाखवतो."

वाचनालयातल्या कपाटात तो चेक पाठ वर करून ठेवला आहे. खालच्या चिठ्ठीवर 'मोठ्या मनाबद्दल' असं कुठे नाही. काकांनी लिहिलं आहे, 'शिकवणीची फी'.