वन्संचा कौल

आमच्या थोरल्या वन्संसारखी भित्री बाई अख्ख्या अलिबाग तालुक्यात सापडायची नाही, आणि आपलं भित्रेपण त्यांच्याइतकं झाकून ठेवणारी तर साऱ्या कोकणात नाही. झाकायची त्यांची रीत ठरलेली. काही ठरवायची वेळ आली की पायात चपला घालून देवळाकडे निघायचं. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आता कौल आमच्याकडे सगळेच लावतात, पण ते लग्नाला, घराच्या पायाला, जमिनीच्या तंट्याला. वन्संनी फ्रीजला लावला. फ्रीज घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात ठेवू की पडवीत, म्हणून पुन्हा लावला. एकदा यंदा कैरीचं लोणचं घालू का, म्हणून विचारायला गेल्या तेव्हा गुरव वैतागला. म्हणाला, "आक्का, कैऱ्या तुमच्या, बरणी तुमची. देवीनं काय मीठ चाखून सांगायचं?" वन्सं म्हणाल्या, "तू फुलं लाव. तुला चाखायला न्हाय बोलावलं." हा गुरव त्यांच्याच वयाचा, दोघं गावच्या शाळेत एका वर्गात होते. माणूस नियमाला इतका पक्का की फूल लोंबत राहिलं तर सगळा गाव ताटकळेल, पण तो 'पडलं' म्हणणार नाही. स्वतःच्या मुलीच्या चांगल्या स्थळाला डावं पडलं, तर घरात रडारड चाललेली असताना यानं जाऊन नकार कळवला. म्हणून वन्संचा जेवढा देवीवर भरवसा, तेवढाच त्याच्यावर.

तर अशा वन्संना मागच्या वर्षी दम लागायला लागला. अंगण झाडताना मध्येच खराट्यावर भार देऊन उभ्या राहायच्या आणि कोणी बघितलं तर म्हणायच्या, "वारा बघते." अलिबागच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणाले. वन्संचे यजमान कधीच गेले, मुलगा बोटीवर नोकरीला, तो फोनवरून "आई, लगेच जा" एवढंच म्हणू शकत होता. सोबतीला मी. जायचं की नाही याचा कौल अर्थातच झाला. उजवं पडलं, आणि देवीनं आपल्याला भलत्याच लोकांच्या हवाली केलं म्हणून वन्सं तिच्यावर रुसून बसल्या. रो-रो बोटीत सगळे वरती वारा खात होते, ह्या कोपऱ्यात डोळे मिटून. मध्येच तिथल्या माणसाला विचारतात, "अहो, ही मागं वळते का?"

हॉस्पिटल म्हणाल तर विमानतळच. पण माणसं इतकी चांगली, की काय सांगू. बाहेरगावच्या पेशंटसाठी वेगळा कक्ष होता. आम्ही दारात पोचलो तोच निळ्या साडीतली एक मुलगी हसत पुढे आली, चाकाची खुर्ची मागवली, पाणी दिलं, नातेवाइकांना राहायला खोली मागच्याच इमारतीत आहे म्हणाली, आणि रक्त, एक्स-रे, छातीची सोनोग्राफी असं सगळं हाताला धरून करवून आणलं. कुठे रांग नाही, कुठे वसकन अंगावर येणं नाही. माझा जीव भांड्यात पडला. वन्संचा मात्र घशात आला. "वैनी, ही पोर एवढी गोड का बोलतेय?" त्या कुजबुजल्या. "कामच आहे तिचं," मी म्हटलं. "न्हाय. कोंबड्यालापण कापायच्या आधी कुंकू लावतात." मग आहाराच्या बाई आल्या, घरी मासे कोणते खाता, भात किती, असं आपुलकीनं विचारू लागल्या. वन्संनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. बाई गेल्यावर म्हणाल्या, "बघितलंस? काय खायची इच्छा हाय, ते विचारून गेल्या."

हसू येत होतं हो, पण ते दुपारपर्यंतच. दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. हृदयाची एक झडप आकसली आहे, ती बदलायची, उद्या सकाळी करता येईल. वन्संनी विचारलं, "आणि न्हाय बदलली तर?" बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मग घरी न्यायला हरकत नाही, पण हे हृदय किती साथ देईल, ते मी सांगू शकत नाही. तुमचा होकार संध्याकाळपर्यंत हवा." वन्सं उठल्या आणि म्हणाल्या, "मी गावाला जाऊन इचारून येते."

हा जीव एकदा गावाला पोचला की परत येणार नाही, हे मला दिसत होतं. शेवटी मीच गुरवाला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं फुलं भिजवली, चिकटवली, फोन कोनाड्यात टेकवून ठेवला, गाऱ्हाणं घातलं. आम्ही दोघी त्या चकचकीत दालनात मोबाइलवर डोळे लावून बसलो. फूल हलेना. उजवं हलेना, डावं हलेना. निळ्या साडीतली मुलगी येऊन उभी राहिली, तीही बघत राहिली. वन्संचा श्वास मला ऐकू येत होता, फाटक्या भात्यासारखा. इतक्यात चित्र गोठलं, आणि परत हललं तेव्हा पडदाभर गुरवाचा चेहरा. घामेजलेला. "पडलं, आक्का," तो म्हणाला. "उजवं पडलं. घ्या करून." आणि त्याच्या कानामागे देवी दिसत होती, दोन्ही खांद्यांवर दोन्ही फुलं जशीच्या तशी.

मी बघितलं. वन्संनीही बघितलं. त्या काही बोलतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. वन्सं एवढंच म्हणाल्या, "बरं. देवीला माझा नमस्कार सांग," आणि फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "त्यानं पोरीचं लगीन मोडलं, पण खोटं न्हाय बोलला. आज देवीम्होरं बोलला. वैनी, तो माझ्याहून जास्त घाबरलाय गो." मग त्या निळ्या साडीतल्या मुलीकडे वळल्या. "डॉक्टरीणबाईंना सांग, उद्या करा. मी सांगते म्हणून सांग." 'मी सांगते' हे शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

झडप बसली. वन्सं आहेत. पण दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं, आणि प्रत्येक वेळी आत काय निघेल ते कोणालाच ठाऊक नसतं. त्या आता चाकाची खुर्ची घेत नाहीत. नाव पुकारलं की पिशवी माझ्या मांडीवर ठेवतात, "तू जा, च्या पिऊन ये," म्हणतात आणि त्या लांब बोळातून एकट्या चालत जातात, मागे न बघता. मी चहाला जात नाही. त्यांच्या पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरून, त्या दाराकडे बघत बसते.